काकाच्या देशाची सुरुवात उसापासून करा

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही संकेश्वरला राहतो. माझे धाकटे दीर गेल्या वर्षी मॉरिशसला एका हॉटेलात स्वयंपाकी म्हणून गेले. माझा मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि कन्नड. काकाचा व्हिडिओ कॉल आला की समुद्र आणि पोहण्याचा तलाव, एवढंच दिसतं. मुलांना तो देश नीट कळावा म्हणून बेळगावहून जगातल्या सगळ्या देशांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. मुलानं मॉरिशसचं पान पाठ केलं. मुलगी दोन मिनिटांत उठून पळते. परवा कॉलवर काकाच्या मागे त्यांचा सहकारी दिसला, तर मुलगा 'किती काळा आहे बघ' म्हणून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई म्हणतात, मराठीत वाचून दाखव. मला वाटतं इंग्रजीत वाचावं, शाळेत उपयोगी पडेल. आमचे हे म्हणतात, आधी आपला देश तरी कळू दे. वाचनातून एवढ्या लहान मुलांना एखादा देश शिकवता येतो का? आणि त्या जाड पुस्तकाचं काय करू? एक आई, संकेश्वर."

तुमच्या मुलानं पान पाठ केलं ह्यात काही बिघडलेलं नाही. नऊ वर्षांच्या पोरांना याद्या आवडतातच. कुणी क्रिकेटपटूंच्या धावा पाठ करतो, कुणी हायवेवरून जाणाऱ्या बसगाड्यांचे डेपो. करू द्या. पण त्या पानावर पोर्ट लुईस आहे, रुपया आहे, लाल-निळा-पिवळा-हिरवा झेंडा आहे आणि माणूस मात्र एकही नाही. ज्या देशातला एकही माणूस ओळखीचा नाही, तिथला माणूस अचानक पडद्यावर आला तर पोरगं त्याच्या रंगाकडेच बघणार. बघायला त्याच्याजवळ दुसरं काही नाहीच. मुलगी का पळते आणि मुलगा का हसला हे तुम्ही दोन वेगळे प्रश्न म्हणून लिहिलेत. मला ते एकच वाटतात.

देश शिकवायचा तर तिथल्या एका माणसापासून सुरुवात करा, आणि मुलांच्या हातात आधीपासून असलेल्या एका वस्तूपासून. राजधानी मागाहून आली तरी चालते.

संकेश्वरच्या मुलांच्या हातात काय असतं ते मी सांगायला नको. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचं गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरतो आणि पोरं मागून कांडं ओढतात. (त्यावर तुम्ही ओरडत असालच. ओरडायलाच हवं.) मॉरिशसही उसाचाच देश. हॉटेलं आणि समुद्रकिनारे अलीकडचे. त्याआधी शेदोनशे वर्षं त्या बेटाची सगळी घडी उसावर बसली होती, आणि आजही गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना ऊसच उभा असतो. फरक एवढाच की ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. त्यांची तोडणी जूनच्या सुमारास सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. म्हणजे आपल्याकडचा कारखाना बंद होऊन पावसाची वाट बघत असतो तेव्हा काकाकडचा पेटतो. मुलांना हे सांगा आणि थांबा. "असं कसं?" हा प्रश्न त्यांच्याकडून येऊ द्या. पृथ्वीगोल तेव्हा काढा, त्याआधी नको. गोलावर मॉरिशस ठिपक्याएवढंच सापडेल. आधी मादागास्कर शोधा, मग तिथून पूर्वेला सरका. आठशेएक किलोमीटर.

तो देश केवढा, हेही आकड्यात सांगू नका, जिल्ह्यात सांगा. मॉरिशसचं सगळं क्षेत्रफळ 2,040 चौरस किलोमीटर. आपला बेळगाव जिल्हा 13,415. आपल्या एका जिल्ह्यात तसे सहा देश मावतील आणि वर जागा उरेल. माणसंही आपल्या जिल्ह्यात त्यांच्या चौपट. "आपण काकाच्या देशापेक्षा मोठे?" असं मुलगा नक्की विचारील, आणि दोन दिवस त्याच तोऱ्यात हिंडेल. हिंडू दे.

आता मुलीकडे येते. सहा वर्षांच्या मुलीला माहिती नको असते, तिला कोडं हवं असतं. मॉरिशसमध्ये घराघरांत क्रेओल बोलतात, आणि त्या भाषेत कोड्यांची एक जुनी परंपरा आहे. घालणारा आधी ओरडतो, "सिरांदान?" आणि ऐकणारे एका सुरात उत्तर देतात, "सांपेक!" मग कोडं. "दिलो दिबूत" म्हणजे उभं पाणी, ओळखा काय? ऊस. "दिलो पांदां" म्हणजे लोंबतं पाणी. नारळ. एवढी दोन कोडी रात्री अंथरुणात घालून बघा. तिसरं कोडं ती स्वतः रचेल, आणि त्याचं उत्तरही बहुधा ऊसच असेल. ही कोडी एकाखाली एक मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहा, मराठीत. ते तिचं त्या देशातलं पहिलं पुस्तक. तिला ते वाचता येईल, कारण काय लिहिलंय हे तिला आधीच ठाऊक आहे. लहान मुलं वाचायला लागतात ती अशीच, माहीत असलेलं पुन्हा पुन्हा वाचून. म्हणून तीच गोष्ट दहा वेळा मागितली तर दहा वेळा वाचा. कंटाळा आपल्याला येतो, त्यांना नाही.

तिच्यासाठी दुसरी गोष्ट पक्ष्याची. डोडो फक्त मॉरिशसमध्येच होता. गुबगुबीत, उडता न येणारा, उभा राहिला तर तुमच्या मुलीच्या जवळपास खांद्याला लागेल एवढा. बेटावर त्याला खाणारं जनावरच नव्हतं, त्यामुळे पळायची सवय नाही आणि अंडं जमिनीवरच. 1598 मध्ये डचांची जहाजं आली. जहाजांतून माणसं उतरली, उंदीर, डुकरं, माकडं उतरली. शंभर वर्षांच्या आत एकही डोडो राहिला नाही. इथं मुली रडतात. घाईघाईनं डोळे पुसून गोष्ट गोड करायला जाऊ नका, डोडो खरंच संपला. पण त्याच बेटावरची दुसरीही गोष्ट खरी आहे, ती दुसऱ्या दिवशी सांगा. तिथला एक छोटा ससाणा 1974 साली रानात फक्त चार उरले होते. चार. लोकांनी अंडी सांभाळली, पिल्लं वाढवली, रानात सोडली, आणि आज ते शेकड्यांत आहेत. चारचे शेकडो कसे झाले ह्याचं चित्र तिला काढायला सांगा.

मुलासाठी मात्र कॅलेंडर मागवा. गंमत करत नाही. दिरांना सांगा, तिकडच्या भिंतीवर असेल त्या कॅलेंडरच्या सुट्ट्यांच्या पानाचा फोटो पाठवा. नऊ वर्षांच्या मुलाला देश वाचायला त्याहून चांगलं पुस्तक मला सुचत नाही. त्यात दिवाळी आहे, महाशिवरात्र आहे, गणेश चतुर्थी आहे, आपला उगादीही आहे. ईद आहे, नाताळ आहे, चिनी नववर्ष आहे, तमिळांचं कावडी आहे. कोणती सुट्टी कुणाची हे त्याला शोधू द्या. एवढ्या लहान देशात इतक्या तऱ्हेचे लोक आले कुठून, हा प्रश्न त्यातून आपोआप निघतो. उत्तरही त्याच पानावर आहे. 1 फेब्रुवारी आणि 2 नोव्हेंबर ह्या दोन तारखांवर बोट ठेवा.

1 फेब्रुवारी हा गुलामगिरी संपल्याचा दिवस, साल 1835. 2 नोव्हेंबर हा हिंदुस्थानातून करारावर मजूर आले त्याचा दिवस, साल 1834. दोन तारखांमध्ये तीन महिन्यांचंसुद्धा अंतर नाही, आणि ते उगाच नाही. त्या बेटावर मूळचं कुणीच नव्हतं. आधी डच, मग फ्रेंच, 1810 पासून इंग्रज. उसाच्या मळ्यांत राबायला आफ्रिका आणि मादागास्करमधून माणसं धरून, विकत घेऊन आणली होती. गुलामगिरी बंद करायची वेळ आली तेव्हा मळेवाल्यांना तेच काम करायला नवी माणसं हवी होती, ती त्यांनी आपल्याकडून नेली. पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. बिहारकडची सगळ्यांत जास्त, त्याखेरीज तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेली आपली कोकणातली. पोर्ट लुईसला जिथं ती उतरली त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. बोटीतून उतरल्यावर पायऱ्या चढून वर जायचं. त्या पायऱ्या अजून आहेत, 2006 मध्ये युनेस्कोनं ती जागा जागतिक वारशात घेतली.

एवढं सगळं नऊ वर्षांच्या मुलाला सांगायचं का, अशी शंका तुम्हाला येईल. सांगायचं. तुमच्या गावात तर त्याच्या डोळ्यांसमोर दर वर्षी ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेऊन आलेली माणसं, त्यांच्या पालांवर त्याच्याच वयाची मुलं. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही हे त्याला समजावून सांगितलं, की पाच वर्षांचा करार करून समुद्रापलीकडे गेलेल्या माणसाची गोष्ट कळायला पुढे फार मेहनत पडत नाही. दोन्ही एकच आहेत असं मात्र सांगू नका, नाहीत. आपल्या टोळ्यांना हंगाम संपला की गाव गाठता येतं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना परतीची बोट मिळालीच नाही, कित्येक आपणहून तिथंच राहिले.

मुलीसमोर वर्षं आणि करार काढू नका. कुणी आपणहून आलं, कुणी पैशाच्या आशेनं आलं, कुणाला बांधून आणलं. तिला एवढं पुरे. आणि तिला रावान दाखवा. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी त्या बेटावर सेगा नावाचं गाणं-नाचणं जन्माला घातलं, त्यात वाजवतात तो बकऱ्याच्या कातड्याचा रुंद, चपटा डफ. वाजवण्याआधी तो विस्तवावर धरून तापवतात. आपला हलगीवाला काय करतो? तेच. गावच्या जत्रेत ती बघतेच की.

आता तो हसण्याचा प्रसंग. रागावलात तर मुलगा एवढंच शिकेल की असं आईसमोर बोलायचं नाही. त्यापेक्षा दिरांना विचारा, तो सहकारी कोण, नाव काय, घरी कोण आहे, काय चांगलं शिजवतो. त्याची हरकत नसेल तर पुढच्या कॉलवर दोन मिनिटं त्याला समोर बसवा आणि मुलाला सांगा, "सिरांदान?" विचार. तिकडून "सांपेक!" आलं की तुमचं काम झालं. हसणं होईलच, ते दोघांचं मिळून असेल. नंतर मुलाला वहीत पान लिहायला लावा: काकाचा मित्र, त्याचं नाव, त्याला काय आवडतं, त्यानं घातलेलं कोडं. रंगावर भाषण द्यायची गरज उरू नये. उरलीच तर घरात आपण स्वतः गोऱ्या-काळ्यावरून काय काय बोलतो, स्थळं बघताना काय बोलतो, तेही आठवून बघा. मुलं ते कॉलवरून शिकत नाहीत.

ती वही मोठी करत न्या. दीर स्वयंपाकी आहेत म्हणता, मग एक पाककृती लिहून मागवा. पाककृती वाचणं हेही वाचनच, आणि त्यात एक ओळ गाळली तर काय होतं ते लगेच कळतं. तिकडे रस्त्यावर ढोल पुरी मिळते. पुरणपोळीतून गूळ काढून हळद-जिरं घातलं तर जे होईल तसं: पातळ पोळी, आत वाटलेली डाळ, वरून उसळीचा रस्सा आणि चटणी, आणि नेहमी जोडीनं. बिहारकडून गेलेल्या माणसांनी नेलेली चीज आज सगळ्या देशाची झाली आहे, चिनी दुकानदारही उभ्या उभ्या खातो. मुलानं कृती वाचायची, तुम्ही करायची. उलट केलंत तर अजून बरं.

आणि एक नोट मागवा. मॉरिशसच्या रुपयाच्या नोटेवर इंग्रजीसोबत तमिळ आणि देवनागरी अक्षरं असतात. दूर समुद्रातल्या देशाच्या नोटेवरचा शब्द आपल्याला वाचता येतो, ह्याचा त्या वयात जो आनंद होतो तो कुठलं पुस्तक देत नाही. मोठ्यांसाठी एक कंसातली गोष्ट: 1998 मध्ये नव्या नोटांवर तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेला म्हणून तिथं एवढा गदारोळ झाला की बँकेला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला ह्यातलं काही समजावून द्यावं लागेल असं वाटत नाही.

भाषेचं. वाचून दाखवण्यापुरतं सासूबाईंचं बरोबर आहे. ज्या भाषेत मूल मध्येच तोंड घालून "पण का?" विचारतं त्या भाषेत वाचा. तुमच्या घरी ती मराठी. इंग्रजीत वाचलंत तर निम्मा वेळ शब्दांचे अर्थ सांगण्यात जाईल आणि देश तिथंच राहील. तुम्हाला शाळेची काळजी आहे ती ठीक, पण इंग्रजी मुलाला स्वतःला शोधाशोध करायला ठेवा. डोडो किती वजनाचा, ससाण्याचं पुढे काय झालं, हे त्यानं इंग्रजीत शोधून रात्री सगळ्यांना मराठीत सांगायचं. दोन्ही भाषा पक्क्या होतात आणि बहिणीवर भाव खाता येतो. कन्नडही सोडू नका. प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर नावाचं संकेतस्थळ आहे, फुकट, मोबाईलवर उघडतं. त्यावर चित्रगोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि पुष्कळ गोष्टी मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत मिळतात. आफ्रिकेतल्या मुलांच्या गोष्टीही आहेत. तीच गोष्ट आधी मराठीत तुम्ही वाचा, मग कन्नडमधून मुलाला वाचू द्या. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही इंटरनेटवर मोफत आहेत. मॉरिशसवरचं लहान मुलांचं मराठी पुस्तक मात्र दुकानात मागितलंत तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील, म्हणून तर वहीचा एवढा आग्रह. बेळगावला येणं झालं तर सार्वजनिक वाचनालयात एक चक्कर मारा, 1848 पासूनचं आहे. प्रवासवर्णनांच्या कपाटापाशी मुलाला सोडून द्या आणि लगेच "चला" म्हणू नका.

तीन भाषांमुळे मुलं गोंधळतील अशी भीती पत्रात तुम्ही लिहिली नाहीत, पण ओळींमधून दिसते. तुमच्या मुलांएवढंच मॉरिशसचं मूल घरी क्रेओल बोलतं, शाळेत इंग्रजी पुस्तक उघडतं, वर्तमानपत्रं बघावीत तर फ्रेंच, आणि वर पूर्वजांची भाषा म्हणून हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, चिनी ह्यांतली एखादी शिकतं. त्यांत मराठीही आहे. तिकडच्या सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकता येते, आणि गणपतीत तिथले मराठी लोक आपल्या कोकणातल्या जाखडीसारखी झाकरी नाचतात. खरं म्हणजे क्रेओल, जी सगळेच बोलतात, तीच शाळेत विषय म्हणून यायला 2012 उजाडलं. पुण्यातल्या एखाद्या मुलाला हे सगळं चमत्कारिक वाटेल. तुमच्या मुलाला वाटणार नाही. तो म्हणेल, बरं, मग सुट्टी कधी असते?

तुमच्या यजमानांना सांगा, त्यांचं म्हणणं मला पटतं, फक्त क्रम पटत नाही. पाठ्यपुस्तक गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश अशा पायऱ्यांनी चढतं. मूल तसं चढत नाही, ते जिथं आपलं माणूस आहे तिथं उडी मारतं. तुमच्याकडून गडहिंग्लजला बाजाराला गेलं तर वाटेत राज्य बदलतं, आणि सहा वर्षांच्या मुलीला त्याचा पत्ताही नसतो. तिला गडहिंग्लज जवळचं आणि बेंगळुरू परदेश. सात-आठ वर्षांपर्यंत राज्य आणि देश ह्यांची सरमिसळ चालायचीच, ती घोकून सुटत नाही. आणि मॉरिशस वाचता वाचता भारत सुटतो कुठं? काकाच्या एका सहकाऱ्याचा पणजोबा बिहारचा, दुसऱ्याचा रत्नागिरीकडचा, तिसऱ्याचा तमिळ मुलखातला निघाला की ती गावं नकाशावर शोधावीच लागतील. ते काम यजमानांकडे द्या. भारताचा नकाशा भिंतीला लावायचा आणि कोण कुठून गेलं त्या जागी टाचणी टोचायची. कन्नड मुलूख, कोकण, आंध्र, बिहार, सगळं त्यात येतं, तेही माणसांच्या नावांनी.

एक सावधगिरी. कुणीतरी पाहुणे तुमच्या मुलांना सांगतील, मॉरिशस म्हणजे काय, छोटा भारतच. ऐकायला बरं वाटतं, आणि तिथले जवळजवळ दोन तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत हेही खरं. पण मग रावान वाजवणारा, चिनी दुकानवाला, काकाच्या शेजारी उभं राहून मासे तळणारा तो सहकारी, हे सगळे कुणाच्या देशात राहतात? मुलाला कॅलेंडरचं पान पुन्हा उघडून दाखवा.

वाचून झाल्यावर परीक्षा घेऊ नका, एवढं कृपा करून पाळा. पुस्तक मिटल्या मिटल्या "सांग बघू, राजधानी कोणती?" असं विचारलं की पुढच्या वेळी मुलगी एका मिनिटात पळेल. विचारायचंच असेल तर ज्याचं उत्तर तुम्हालाही येत नाही असं काही विचारा. तिकडचं मूल आपला देश कुठल्या वस्तूपासून वाचायला लागेल? काकाच्या मित्राच्या मुलांना आपण काय पाठवावं? माझ्या अंदाजानं ह्यावर भांडण होईल. आपल्याकडच्या मिठायांतून एक जण कुंदा म्हणेल, एक जण करदंट.

आणि ते जाड पुस्तक परत करू नका, दुकानदार घेणारही नाही. त्यातले नकाशे चांगले असतात. मुलाच्या टेबलावर असू दे, मॉरिशसच्या पानात ती नोट घालून. काकाच्या वहीत काही लिहिलं की त्या पानावरची माहिती बरोबर आहे का ते तपासायचं काम त्याला द्या. लोकसंख्या, पंतप्रधान, असल्या गोष्टी छापून होईपर्यंत जुन्या होतात, आणि पुस्तकात चूक सापडली की नऊ वर्षांचा मुलगा उरलेलं पुस्तक आपणहून वाचून काढतो.